फोटोवाल्या रूथबाई

आमच्या सुनेनं फोटोग्राफर निवडायला तीन आठवडे घेतले. सातवा महिना लागला तशी ती रोज संध्याकाळी सावेडीतल्या आमच्या गॅलरीत मोबाईल घेऊन बसायची आणि मला एकेक नमुना दाखवायची. कुणी बाईला पाण्यात उभं केलेलं, कुणी गवतात निजवलेलं, कुणी नवऱ्याला पोटाशी कान लावून बसवलेलं. शेवटी भंडारदऱ्याला धरणाच्या काठी फोटो काढणारा एक मुलगा पसंत पडला. "आई, तुमच्या वेळी हे असलं काही नव्हतंच ना?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "होतं की." तिला ते काही खरं वाटलं नाही.

आता होतं त्याला मी काय करू? गरोदर बाईचे फोटो आम्हीही काढून घेत होतो, तान्ह्या पोरांचेही घेत होतो, आणि ते कुणाकडून काढायचे यावरून घराघरांत रुसवेफुगवेही होत होते. मी सत्तर साली लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला आले. माझे यजमान साखर कारखान्यात कारकून. त्या वेळी आमच्याकडे या कामासाठी दोनच नावं घेतली जायची. एक राहुरीच्या स्टँडजवळचा स्टुडिओवाला. केसांचा कोंबडा, गळ्यात रुमाल, मोटरसायकल आणि डोळे दिपवणारा फ्लॅश. तो आला की डोहाळजेवणाच्या निम्म्या बायका पदर सावरत आत पळायच्या आणि निम्म्या मुद्दाम पुढं यायच्या. दुसऱ्या रूथबाई साळवे, आमच्या शेजारणीच. एकाच वाड्यात नव्हे, पण एका अंगणात आमची दोन घरं समोरासमोर होती. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. कौलांत दोन काचा बसवलेल्या, त्यातून उजेड यायचा तेवढाच त्यांचा दिवा.

रूथबाई चाळिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, बारीक काठाचं सुती पातळ आणि पायात पुरुषी चपला. चालायच्या अशा की समोरचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. त्या नगरहून आल्या होत्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या होत्या, रविवारी न चुकता प्रार्थनेला जायच्या. कपाळ मोकळं. हातात बांगडी नाही. "काचेच्या आवाजानं लेकरू दचकतं," असं त्या सांगायच्या आणि ते सगळ्यांना पटायचं. गळ्यात मात्र कॅमेऱ्याचा पट्टा असायचा, जुन्या इरकली लुगड्याच्या काठाचा घरी शिवलेला.

त्यांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा. झाकण उघडायचं, मान खाली घालायची आणि आतल्या काचेत बघायचं. त्यांच्या धंद्याचं निम्मं यश मला वाटतं या खाली घातलेल्या मानेत होतं. आमच्याकडच्या बायकांना परक्या माणसानं पोटाकडं बघितलेलं सोसायचं नाही, मग ते माणूस बाई का असेना. राहुरीवाला एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं बाईवर नेम धरायचा. रूथबाई मात्र देवापुढं उभं राहिल्यासारख्या मान खाली घालून उभ्या असायच्या. एक म्हातारी मला म्हणाली होती, "ही बाई लई गुणाची. फोटू काढती, पर बघत न्हाई."

बघत होत्या हो. त्यांच्याइतकं बाईकडं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आल्या आल्या त्या कॅमेरा काढायच्याच नाहीत. चहा घ्यायच्या, तोही बशीत ओतून, आणि गरोदर पोरीला विचारायच्या, "आज काय खाल्लंस?" एवढंच. हसा, इकडं बघा, हात असा ठेवा, यातलं काही नाही. पोरगी सांगायला लागायची. भाकरी खाल्ली म्हणायची, मग हळूच चिंच खाल्ली म्हणायची, मग सासू आत गेलीय हे बघून मडक्याची खापरी चाखली म्हणायची, आणि असं सांगता सांगता तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताठा उतरायचा. रूथबाई "एक, दोन" म्हणायच्या आणि दोनलाच खटका दाबायच्या. तीन म्हटलं की माणूस श्वास रोखून धरतो आणि फोटोत गुदमरल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बारा फोटोंच्या रोलमधला पहिला फोटो ठरलेला होता. तो त्या बाईचा एकटीचा. सासू नाही, नणंदा नाहीत, नवरा नाही, पुठ्ठ्याची चांदीकागद लावलेली चंद्रकोर नाही, हातात धनुष्यबाण नाही. "पोटाचा फोटो नसतो काढायचा, बाईचा काढायचा," असं त्या म्हणायच्या. पुढच्या अकरांत मग घरच्यांनी हवा तो गोंधळ घालावा. काही घरांत यावरून कुरबूर व्हायची, पण रूथबाई ऐकायच्या नाहीत.

लेकरांच्या बाबतीत तर त्या फारच हट्टी. लोकांना पोर जागं हवं असे, डोळे टक्क उघडे, डोक्याला झबल्याच्या रंगाची कुंची, उशांना टेकवून तहसीलदारासारखं बसवलेलं. रूथबाई म्हणायच्या, "न्हाऊ घाला, पाजा, झोपू द्या, मग मला हाक मारा." तोवर त्या ओसरीवर बसून राहायच्या. एकदा एका पोरानं दुपारभर डोळा लावला नाही, तर या बाईनं त्या घरचे सगळे हरभरे निवडून दिले. पोर झोपलं की हात चोळून ऊन करायच्या, त्याला आईच्या मांडीवर ठेवायच्या आणि आईला सांगायच्या, "तुझा हात दिसू दे." त्या काळी बाळाच्या फोटोत आईला कुणी विचारत नसे. रूथबाईंच्या प्रत्येक फोटोत बाळाच्या पाठीवर, टाळूवर, कुठंतरी आईचा हात आहे.

तिटेची गोष्ट तर आमच्या अंगणात वर्षभर पुरली. रूथबाई फोटो स्वतः धुवायच्या, पण निगेटिव्हवरचे डाग, सुरकुत्या पुसायचं बारीक काम नगरच्या एका कारागिराकडं पाठवायच्या. हा मनुष्य भारी निष्ठेचा. आमच्या किराणा दुकानदाराच्या नातवाचा फोटो त्याच्याकडं गेला. बाळाच्या गालावर आजीनं रुपयाएवढी काजळाची तीट लावलेली होती. कारागिराला वाटलं, डाग आहे. त्यानं पेन्सिलीनं तो असा भरून काढला की गाल स्वच्छ. फोटो हातात पडला तशी आजी अनवाणी आमच्या अंगणात आली.

"बाई, माज्या नातवाची तीट कुटं गेली?"

रूथबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला आणि त्यांना हसू आवरेना. आजी मात्र रडकुंडीला आलेली. बिनतिटेचा नातू आता भिंतीवर टांगायचा, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडं बघणार! रूथबाई आत गेल्या, बारीक ब्रश आणि काळी शाई घेऊन आल्या आणि फोटोतल्या गालावर तीट काढली. आजी म्हणाली, "वाईच मोटी करा." केली. तेव्हापासून प्रत्येक बाळाच्या फोटोला आपल्या हातानं तीट लावूनच त्या फोटो द्यायच्या. मी म्हटलं, "तुम्ही ख्रिश्चन ना? तुमचा यावर विश्वास आहे?" तर म्हणाल्या, "माझा नाही, पण फोटो माझ्या घरी टांगायचाय का?" पुढं हात इतका बसला की त्यांच्याच देवळातल्या पाद्रीसाहेबांच्या मुलीलाही तीट लागली. साहेब फोटो घेऊन आले. रूथबाई गंभीरपणे म्हणाल्या, "सवयीनं पडली, साहेब. राहू द्या, गोड दिसतंय पोर." पाद्रीसाहेबांनी फोटो दोनदा जवळ धरून बघितला आणि तसाच घेऊन गेले.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

रूथबाईंचे यजमान मिलिटरीत आहेत असं गावात सगळ्यांना माहीत होतं. हे कुणी ठरवलं देव जाणे. बाई नगरची, नगरला मिलिटरी, आणि नवरा कधी दिसत नाही, म्हणजे तो मिलिटरीतच असणार, असा हिशेब कुणीतरी मांडला आणि तो गावानं मान्य केला. मीही केला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका दुपारी आम्ही दोघी अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "साळवेसाहेब सुट्टीवर कधी येणार?"

"ते यायचे नाहीत," रूथबाई म्हणाल्या. त्यांचे हात सुपातच होते. "वारले. मी नगरला असतानाच. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, कॅमेरा त्यांचाच. छातीच्या दुखण्यानं त्यांचे हात कापायला लागले तेव्हा मी तो धरायला लागले."

"मग गावात सगळे..."

"गावानं मला विचारलं नाही, शालन. तू विचारलंस, तुला सांगितलं. आता तू काय करायचं ते तू ठरव."

यात ठरवण्यासारखं काय आहे ते त्या वेळी मला नीट कळलं नव्हतं. मग कळलं. डोहाळजेवण म्हणजे सवाष्णींचं राज्य. ओटी सवाष्णींनी भरायची, ओवाळायचं सवाष्णींनी. विधवा बाईनं त्या दिवशी समोर येऊ नये, हे कुणी सांगत नसे आणि प्रत्येकीला ठाऊक असे. घरची सख्खी आत्यासुद्धा कपाळ मोकळं झालं की माजघराच्या दारामागं उभी राहायची. आणि रूथबाई तर गरोदर पोरीच्या अगदी समोर, चार हातांवर उभ्या असत. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं कुणी बघितलं नव्हतं, कारण त्या ख्रिश्चन. मोकळ्या हातांकडं बघितलं नव्हतं, कारण त्या फोटोवाल्या. उलट त्यांच्या नावाला लौकिक आला होता. रूथबाईंनी फोटो काढला की बाई सुखरूप सुटते, असं बायका म्हणायच्या. एकदा हे गावाला कळलं की त्यांना कुणी अंगणात उभं करणार नाही, आणि या कामाशिवाय त्यांना दुसरं काही नको होतं. लग्नाचे फोटो त्या घ्यायच्याच नाहीत.

मी कुणाला सांगितलं नाही. उलट आपण एवढं मोठं गुपित पोटात ठेवलंय याचा मला अभिमानच वाटायचा. स्वतःवर फारच खूश होते मी तेव्हा.

दुष्काळाचं वर्ष होतं. कॅनॉलकडेच्या एका वस्तीवर कमल नावाच्या पोरीचं डोहाळजेवण निघालं. घर बागाईतदाराचं, सासू भागूबाई. भागूबाई म्हणजे मोठा दरारा. गावात कुठं फुलं मिळेनात, तर या बाईनं नगरहून पाटीभर शेवंती आणवली होती. कमलला आधी दोनदा दिवस राहून वाया गेले होते, त्यामुळं या खेपेला भागूबाईंना कशातच कसूर नको होती. राहुरीवाल्याचं नाव त्यांच्या मुलानं काढलं, तर म्हणाल्या, "त्यो नगं. रुतबाईच आनायची. तिच्या हाताला यश हाय."

कडुनिंबाला झोपाळा बांधला होता. हिरवं लुगडं नेसून, कानांत, गळ्यात, दंडावर फुलं घालून कमल बसली होती. ती मुळातच न बोलणारी पोर, आणि त्या दिवशी तर नुसती भ्यालेली. रूथबाईंनी चहा घेतला, तिला काय खाल्लंस म्हणून विचारलं, आणि मान खाली घातली. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन शेजारीच उभी होते.

तेवढ्यात नगरहून आलेली कमलची मावशी पुढं आली. स्वभावानं भली बाई. तिनं रूथबाईंचा दंड धरला आणि कळवळून म्हणाली, "अगं बाई, रूथबाई! तुम्ही इथं आहात होय? साळवेमास्तर गेल्यावर तुम्ही घर सोडलंत एवढंच कळलं होतं. फार वाईट झालं हो."

बायकांचा कलकलाट एकेकीपाशी थांबत गेला. भागूबाई ओटीचं ताट घेऊन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

"गेले म्हंजी?"

"वारले," रूथबाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली."

"मंग तुमी सांगितलं न्हाई."

"कुणी विचारलं नाही."

भागूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी शेजारीण, मला माहीत असणार, हे त्यांना कळत होतं. मी तबकातलं कुंकू सारखं करत राहिले. एक शब्द बोलले असते तर काही जगबुडी झाली नसती. "इतकी वर्षं ही बाई गावातल्या बायकांचे फोटो काढतेय, कुणाचं काय वाईट झालं?" एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हणाले.

भागूबाई ओरडल्या नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, आल्या हायसा तर जेवून जावा. उपाशी जायाचं न्हाई. पर फोटू ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, रूथबाई तडक निघतील. मी निघाले असते. पण त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, पट्टा मानेतून काढला, हात धुतले आणि पंगतीत बसल्या. शेजारच्या दोघी उठून दुसरीकडं बसल्या, तरी या पानातलं सगळं जेवल्या. कढी दुसऱ्यांदा मागून घेतली. जाताना भागूबाईंना म्हणाल्या, "कढी चांगली झाली होती." आणि कॅनॉलच्या कडेनं चालत गावाकडं निघाल्या. मी बैलगाडीतून मागाहून आले. गाडी त्यांना गाठेल तेव्हा काय बोलायचं हे ठरत नव्हतं, म्हणून गाडीवानाला मी घाई करायला सांगितलं नाही.

त्या दिवशी कमलचा फोटो निघालाच नाही.

बाजारच्या दिवशी भर दुपारी आमच्या अंगणाशी बैलगाडी थांबली. कमल एकटीच उतरली, नवरा गाडीशीच थांबला. अंगावर रोजचं लुगडं. रूथबाई माझ्या ओट्यावरच बसल्या होत्या.

"माजा फोटू काढा," कमल म्हणाली.

"सासूला सांगून आलीस?"

"न्हाई."

"मग मी काढणार नाही. न सांगता एकदा येऊन गेले तुमच्याकडं, ते पुरं झालं मला."

कमल दाराशी तशीच उभी राहिली. मग त्या न बोलणाऱ्या पोरीनं जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाली, "माजी आई मला जन्म देतानाच गेली. तिचा फोटू न्हाई. आजी म्हनती नाक तुज्यासारकं हुतं. आत्या म्हनती न्हाई, नाक बापाचं हाय. मी आरशात बगती आन् त्यातली आई कंची, मला वळकत न्हाई. माजं काय झालं तर ह्या लेकराला तरी दावाया काय पायजे का नगं? तुमी काढा. घरी गेल्या गेल्या सांगती मी सासूबाईंना. आयेची शप्पत."

रूथबाईंनी तिचा चेहरा नीट बघून घेतला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "ये. आज काय खाल्लंस?"

त्यांनी तिला कौलांच्या काचेखाली स्टुलावर बसवलं. फुलं नव्हती, चंद्रकोर नव्हती. त्या रोलमधले सगळे फोटो त्यांनी एकट्या कमलचेच काढले. समोरून, बाजूनं, पदर घेऊन, पदर मागं सारून. "नाक नीट दिसलं पाहिजे," एवढंच मधेमधे पुटपुटत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते, पण विचारायची माझी छाती झाली नाही.

कमलनं घरी खरंच सांगितलं. भागूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. गावात ज्या घरांनी रूथबाईंना पुढच्या महिन्यांसाठी सांगून ठेवलं होतं त्यांतल्या चार घरांनी राहुरीवाल्याला कळवलं. त्याची मोटरसायकल आमच्या आळीतून जास्तच आवाज करत जायला लागली.

कमल सुखरूप सुटली. मुलगी झाली. बारशानंतर भागूबाई स्वतः नातीला दुपट्यात घेऊन, मागं कमल, अशा आमच्या अंगणात आल्या. रूथबाईंच्या उंबऱ्यापाशी थांबल्या.

"म्या आत येनार न्हाई. देवाला शबुद दिलाय," त्या म्हणाल्या. "पर पोरीचा फोटू तुमीच काढायचा. तुमच्या हाताला गुन हाय. नशिबाचं माजं मी बगून घीन."

यावर माणसानं हसावं की चिडावं? मी असते तर दार लावून घेतलं असतं. रूथबाई म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. मी येते बाहेर." स्टूल, सतरंजी, कॅमेरा सगळं त्यांनी अंगणात आणलं. पोर जागं होतं, ते झोपेपर्यंत दोघी बायका उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या आणि त्या वर्षीच्या पाण्याविषयी बोलत राहिल्या. मग कमलच्या मांडीवर पोर आलं. "हात दिसू दे," रूथबाई म्हणाल्या. कमलनं हात ठेवला, आणि भागूबाईंनी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यावर आपलाही ठेवला.

असं वाटेल की यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. गावानं एक मधला मार्ग काढला. बारशाला रूथबाई चालायच्या, डोहाळजेवणाला नाही. पोर जन्मल्यावर भीती सरते, म्हणून असेल. काही गरोदर पोरी मात्र बाजारच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्याकडं यायच्या आणि स्टुलावर बसून एकटीचा फोटो काढून घ्यायच्या. रूथबाई प्रत्येकीला आधी एकच विचारायच्या, सांगून आलीस का.

पुढच्या वर्षी मला दिवस राहिले.

सातव्या महिन्यात संगमनेरहून माझी आई आली. रूथबाईंच्या सगळ्या हकिकती मी तिला पत्रांतून कळवल्या होत्या, तिटेच्या, हरभऱ्यांच्या. आणि हीही. फोटोचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "बाई चांगलीच आहे गं. पण पहिलटकरीण तू. उगाच मनाला रुखरुख नको. राहुरीच्या माणसाला सांगू या."

मी म्हटलं, "बरं."

या एका शब्दाचं मी पुढं पुष्कळ समर्थन करून पाहिलं. आईचं मन मोडवत नव्हतं, सासरची माणसं येणार होती, मी बावीस वर्षांची होते. सगळं खरं आहे. पण कमल एकोणीस वर्षांची होती आणि तिला स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. मला भीती वाटली, एवढंच खरं. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघीत सांगत होते, तीच आपल्या पोटाशी आली तेव्हा मी घाबरले.

रूथबाईंना सांगायचं कसं, म्हणून मी दोन दिवस त्यांना चुकवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच अंगणातून हाक मारली. "शालन, तुझं डोहाळजेवण रविवारी आहे ना? मला मेलीला त्या दिवशी राहात्याला जायचंय. बहिणीच्या नातवाचं बारसं आहे, प्रार्थना आटोपली की निघणार. तू दुसरं कुणी बघशील का?"

मला एवढं सुटल्यासारखं झालं की मी त्यांना थांबा, राहू द्या राहाता, असं खोट्यानंसुद्धा म्हटलं नाही. "बघते की," म्हटलं आणि घरात आले.

त्या रविवारनंतर मी बाळंतपणासाठी माहेरी गेले, तिथं असतानाच यजमानांना नगरला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हललं. दोन वर्षांनी देवळालीला गेले तेव्हा त्यांच्या खोलीत धान्याचं दुकान होतं आणि कौलांच्या काचा काढून टाकलेल्या होत्या. त्या कुठं गेल्या ते तिथं कुणाला सांगता आलं नाही. म्हणजे रूथबाईंना मी शेवटचं बघितलं ते त्या रविवारीच.

दुपारी चारचा सुमार असेल. अंगणभर बायका. राहुरीवाल्यानं माझी खुर्ची अंगणाच्या मधोमध पश्चिमेकडं तोंड करून मांडली होती. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, काजळ पसरत होतं, आणि तो गळ्यातला रुमाल सावरत ओरडत होता, "वैनी, डोळे उघडा! हसा! जरा हसा!" मी डोळे उघडायची, ते पुन्हा मिटायचे. बायका हसत होत्या. समोरच्या दाराला सकाळपासून कुलूप नव्हतं, हे मी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं केलं होतं.

ते दार वीतभर उघडलं. रूथबाई राहात्याला गेल्या नव्हत्या. दारातून बाहेर पाऊल टाकणार नाहीत एवढी काळजी घेऊन त्या फटीत उभ्या होत्या. त्यांनी एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हाताचा पंजा हवेत हळूच उजवीकडं फिरवला. खुर्ची वळव.

मी उठले आणि खुर्ची वळवली. "वैनी, हलू नका हो!" राहुरीवाला म्हणाला, पण कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर पुढं काही बोलला नाही. ऊन आता माझ्या खांद्यावरून येत होतं आणि डोळे आपोआप उघडले होते. रूथबाईंनी मान डोलावली, आणि तिकडं खटका दाबायच्या आधीच दार आतून लावून घेतलं.

फोटो फार चांगला आला. घरातले सगळे अजून तसं म्हणतात. फक्त त्यात मी कॅमेऱ्याकडं बघत नाहीये.